रोजच्या फोटोंवरचे प्रयोग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मोबाइलवर काढलेल्या साध्या, घरगुती फोटोंवर निरनिराळे इफेक्ट करून पाहणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ‘कोणते ॲप वापरावे’ एवढेच विचारणारी होती. त्यांना एकत्रच उत्तर देतो : फोनवर स्नॅपसीड आणि संगणकावर गिंप ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत आणि खाली सांगितलेले जवळजवळ सगळे त्यांत करता येते. उरलेल्या पत्रांतून, आपला प्रयोग नेमका कुठे फसला हे ज्यांनी नीट लिहिले आहे, ती पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : आईच्या पंच्याहत्तरीला तिने लाल काठांची हिरवीगार नऊवारी नेसली होती. तो फोटो जुन्या स्टुडिओतल्यासारखा कृष्णधवल करावा असे वाटले. पण तसे केल्यावर काठ आणि लुगडे एकाच करड्या रंगाचे झाले आणि सगळा फोटो सपाट दिसू लागला. कॉन्ट्रास्ट वाढवूनही उपयोग झाला नाही. माझे काय चुकले? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपले काहीच चुकले नाही, लाल आणि हिरवा यांच्यातला फरक आपल्या डोळ्यांना रंगाचा वाटतो, उजेडाचा नव्हे. फोटो करडा करताना वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित सूत्रात प्रत्येक ठिपक्यातील लाल रंगाचे २९.९ टक्के, हिरव्याचे ५८.७ टक्के आणि निळ्याचे ११.४ टक्के घेऊन त्यांची बेरीज केली जाते. समजा, काठाचा लाल रंग २००, ३०, ४० अशा आकड्यांचा (अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येक ० ते २५५ पर्यंत) आहे आणि लुगड्याचा हिरवा २०, १२०, ६० असा आहे; तर पहिल्याची बेरीज ८२ येते आणि दुसऱ्याची ८३. रंगीत फोटोत एकमेकांशी भांडणारे हे दोन रंग करड्यात जुळे भाऊ होतात, आणि कॉन्ट्रास्ट कितीही वाढवला तरी ८२ आणि ८३ हे आकडे शेजारीच राहतात.

फिल्मच्या काळात छायाचित्रकार यावर भिंगापुढे रंगीत काच लावून मात करीत. तीच सोय आता ॲपमध्ये आहे. स्नॅपसीडच्या ‘ब्लॅक अँड व्हाइट’ या साधनात लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे रंगीत फिल्टरचे पर्याय मिळतात, आणि गिंपमध्ये ‘मोनो मिक्सर’ वापरून तीनही रंगांचे प्रमाण स्वतः ठरवता येते. लाल फिल्टर निवडला की काठ उजळतात आणि लुगडे गडद होते. हिरवा निवडला की नेमके उलटे घडते.

बहुतेक लेखांत माणसांच्या फोटोसाठी लाल किंवा नारिंगी फिल्टर सुचवलेला असतो, कारण त्याने त्वचा उजळ आणि नितळ दिसते. आपण मात्र तसे करू नये, असे मला वाटते. लाल फिल्टरमध्ये कपाळावरचे कुंकूही त्वचेइतकेच उजळ होते आणि जवळजवळ नाहीसे होते. ओठही फिके पडतात. पंच्याहत्तरीच्या फोटोतून आईच्या कपाळावरचे कुंकूच पुसले गेले तर तो फोटो घरात कोणालाही आवडणार नाही. हिरव्या फिल्टरमध्ये कुंकू ठसठशीत काळे उमटते, काठ गडद होतात, लुगडे हलक्या करड्या रंगाचे होते आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या अधिक स्पष्ट दिसतात. त्या सुरकुत्या लपवण्यासारख्या आहेत की दाखवण्यासारख्या, हा निर्णय आपला. माझे मत दाखवण्याच्या बाजूने आहे.

प्रश्न : वाईच्या गणपती घाटावर मे महिन्यातील दुपारी काढलेल्या फोटोत मंदिर चांगले आले, पण आकाश पांढरेफटक आले. एचडीआर इफेक्ट दिला तर मंदिराभोवती प्रकाशाचे वलय दिसू लागले. नातवाने दुसऱ्याच दिवशीचे ढग आणून तेथे जोडून दिले. दिसायला छान आहे, पण ही लबाडी नव्हे काय? (निवृत्त शिक्षक, वाई)

उत्तर : प्रथम वलयाविषयी. एका फोटोवर दिलेला एचडीआर इफेक्ट प्रत्येक भागाचा उजेड त्याच्या आसपासच्या भागाशी ताडून बदलतो. काळसर भिंत उजळ करताना आणि शेजारचे आकाश दाबताना त्या दोहोंच्या सीमेवर त्याचा हिशेब गडबडतो, आणि शिखराभोवती पांढरी किनार उमटते. इफेक्टचे प्रमाण २० ते ३० च्या पुढे नेले नाही, तर ही किनार सहसा जाणवत नाही. मात्र आकाशाचा पांढरेपणा त्याने जाणार नाही. जेथे तीनही रंगांचे आकडे २५५ ला जाऊन टेकले आहेत, तेथे ढगांची नोंदच झालेली नसते. ती कोणत्याही इफेक्टने परत येत नाही.

आता लबाडीविषयी. आपला हा प्रश्न छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८५० च्या दशकातील ओल्या कलोडियनच्या काचा (म्हणजे निगेटिव्हसाठी रासायनिक लेप दिलेल्या काचा) निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील असत; त्यामुळे जमीन किंवा समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पूर्ण जळून जाई. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने त्यावर उपाय म्हणून समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह एकाच कागदावर छापल्या. फ्रान्समधील सेत येथील महालाटेचे त्याचे १८५७ चे प्रसिद्ध चित्र असेच घडले आहे. नातवाने जे काही सेकंदांत केले, ते ल ग्रेने क्षितिजाची रेषा जुळवत हाताने केले, एवढाच फरक.

तरीही आपल्या मनात आलेली शंका मी झटकून टाकणार नाही. घरच्या भिंतीवर लावायच्या फोटोत परके ढग आणण्यास काहीच हरकत नाही. पण तोच फोटो स्पर्धेला किंवा वृत्तपत्राला पाठवताना तसे सांगावेच लागते, आणि अनेक स्पर्धांत तो मुळातच बाद ठरतो. नॅशनल जिओग्राफिक मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले होते, त्याची चर्चा आजही संपलेली नाही.

मधला आणि मला अधिक आवडणारा मार्ग असा : पुढच्या खेपेस फोन कठड्यावर टेकवून एकाच जागेवरून दोन फोटो काढावेत. पहिल्यात बोट मंदिरावर टेकवून मंदिरापुरता उजेड घ्यावा, दुसऱ्यात आकाशावर टेकवून आकाशापुरता. गिंपमध्ये हे दोन्ही फोटो दोन लेयरवर (एकावर एक थरांवर), आकाशाचा वर येईल असे ठेवून, वरच्या लेयरला मास्क (हवा तो भाग झाकणारा पडदा) लावून, मऊ ब्रशने मंदिराचा भाग पुसत जावे. त्याच दुपारचे, त्याच घाटावरचे ढग मिळतील, आणि नातवालाही नवे काही शिकवता येईल. दुपारऐवजी सकाळी सातला गेलात तर यातले काहीच करावे लागणार नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

प्रश्न : चेहऱ्याच्या आकारात झाडे किंवा लाटा दिसतात, तसे ‘डबल एक्सपोजर’ मला करायचे आहे. मी मैत्रिणीचा वर्गातला फोटो आणि मांडवी किनाऱ्याचा फोटो एकत्र केला, तर नुसता चिखल झाला. (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : चिखल होण्याचे कारण पहिल्या फोटोत आहे. फिल्मच्या कॅमेऱ्यात रीळ पुढे न सरकवता एकाच चौकटीवर दोनदा फोटो घेतला जाई. पहिल्या वेळी जेथे उजेड पडला, तेथील फिल्म खर्ची पडे. जेथे काळोख राहिला, तेथेच दुसऱ्या फोटोला जागा मिळे. ॲपमधील ‘लाइटन’ किंवा ‘स्क्रीन’ हे पर्याय हाच नियम पाळतात : काळ्या भागातून दुसरा फोटो दिसतो आणि पांढरा भाग पांढराच राहतो. वर्गातल्या फोटोत फळा, बाके, भिंती, चेहरा असे सगळेच मध्यम उजेडाचे होते, त्यामुळे लाटांना शिरायला मोकळी जागाच मिळाली नाही.

मैत्रिणीला मांडवीच्याच किनाऱ्यावर सायंकाळी आकाशाकडे पाठ करून, एका बाजूने चेहरा दिसेल अशी उभी करा आणि उजेड आकाशापुरता घ्या, म्हणजे ती जवळजवळ काळी आकृती होईल. नाक, हनुवटी, अंबाड्यातून सुटलेल्या बटा यांची बाह्यरेषा स्वच्छ आली पाहिजे, कारण ओळख पटवण्याचे सगळे काम ती रेषाच करते. संपादनात आकाश अधिक पांढरे आणि आकृती अधिक काळी करून घ्या, मग स्नॅपसीडच्या ‘डबल एक्सपोजर’मध्ये दुसरा फोटो आणून ‘लाइटन’ निवडा.

दुसरा फोटो निवडताना लाटांचा आग्रह थोडा बाजूला ठेवून पाहा. लाटांचा फोटो आडव्या पट्ट्यांचा असतो आणि चेहऱ्याच्या आकारात तो परक्यासारखा दिसतो. माडाच्या झावळ्या खालून वर पाहत टिपल्या, तर त्या डोक्याच्या मध्यापासून बाहेर फाकतात आणि केसांच्या रेषेशी आपोआप जुळतात. जांभ्या दगडाच्या भिंतीची छिद्रे-छिद्रे असलेली पोतही मी वापरून पाहिली आहे. ती पुरुषांच्या, विशेषतः वृद्धांच्या चेहऱ्याला शोभते. असे पोत सापडतील तेथे टिपून एका वेगळ्या अल्बममध्ये साठवून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

प्रश्न : दादरच्या फुलबाजारात काढलेल्या फोटोला खेळण्यासारखा दिसणारा ‘टिल्ट-शिफ्ट’ इफेक्ट दिला, तो नुसताच अस्पष्ट दिसतो. (एक वाचक, मुंबई)

उत्तर : फोटो बाजारात उभे राहून काढला असेल, म्हणून. छोटी वस्तू आपण जवळून आणि वरून पाहतो, आणि तशा वेळी तिचा एक अरुंद पट्टाच स्पष्ट दिसतो. हा इफेक्ट त्याच अनुभवाचा आभास निर्माण करतो. त्यामुळे फोटो उंचावरून, म्हणजे स्थानकाबाहेरील पुलावरून काढला पाहिजे. स्पष्ट पट्टा झेंडूच्या ढिगांच्या रांगेशी समांतर ठेवावा आणि रंग थोडे भडक करावेत, कारण खेळणी भडक रंगवलेली असतात. विजेचा खांब पट्ट्यातून वर गेलेला असेल तर फोटो बदलावा. खांबाचा बुंधा स्पष्ट आणि शेंडा पुसट दिसला की बनाव लगेच उघडा पडतो.

प्रश्न : एकच फिल्टर सगळ्या फोटोंना लावावा काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : एकाच सहलीच्या फोटोंना लावावा, म्हणजे ते एका घरचे दिसतात. सगळ्या आयुष्याला लावू नये.

प्रश्न : आजी-आजोबांच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो एका ॲपने आपोआप रंगीत करून दिला. त्यात आजीचा शालू निळा आला. आजीची धाकटी बहीण म्हणते की तो लालच होता. ॲपला रंग कसा कळतो? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : कळत नाही, ते अंदाज बांधते. वर सांगलीच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात पाहिले, त्याप्रमाणे वेगवेगळे रंग एकाच करड्या छटेत जमा होतात, आणि त्या छटेवरून मूळ रंगाकडे परत जाण्याची वाट उरत नाही. लाखो रंगीत फोटोंत अशा आकाराच्या, अशा छटेच्या कापडाला बहुधा कोणता रंग असतो, एवढेच ॲपने शिकलेले असते. त्यात जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मची भर पडते : तिला लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नसे, म्हणून लाल वस्त्र तिच्यात काळपट उमटे. आपला फोटो तशा फिल्मवरचा असेल, तर काळपट दिसणारा शालू लाल असण्याची शक्यता उलट अधिकच. धाकट्या आजींचे म्हणणे प्रमाण मानावे.

त्याहून चांगले म्हणजे रंग स्वतःच भरावेत. आपल्याकडे ही परंपरा मोठी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील अनेक स्टुडिओंमध्ये चित्रकार छायाचित्रांवर हाताने रंग चढवीत, आणि कित्येकदा इतका जाड रंग देत की खालचे छायाचित्र शोधावे लागे. गिंपमध्ये मूळ फोटोवर एक रिकामा लेयर घेऊन त्याचा मोड ‘कलर’ असा ठेवावा आणि लाल रंगाने शालूवरून ब्रश फिरवावा. खालच्या घड्यांचा उजेड-अंधार तसाच राहतो, फक्त रंग बदलतो. रंग पूर्ण ताकदीने न देता लेयरची अपारदर्शकता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवली, की हाताने रंगवलेल्या जुन्या फोटोंचा मृदूपणा येतो. शालू, कुंकू, मुंडावळ्या आणि हार एवढेच रंगवून बाकीचा फोटो तसाच ठेवून पाहावा. मला तरी संपूर्ण रंगवलेल्या फोटोपेक्षा तो जास्त भावतो. कोणत्या वस्तूचा रंग कोणी सांगितला, हे फाइलबरोबर लिहून ठेवावे.

मूळ फोटो तपकिरी असल्यास तो तपकिरीपणा घालवण्याची घाई करू नये. तो वयाचा पिवळेपणा असू शकतो, तसाच तो मुद्दाम केलेल्या सेपिया टोनिंगचाही असू शकतो. त्या प्रक्रियेत चित्रातील चांदीचे रूपांतर अधिक टिकाऊ अशा सिल्व्हर सल्फाइडमध्ये होते, आणि कदाचित त्यामुळेच आपला फोटो आजवर टिकला असेल. स्कॅन रंगीतच आणि ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) करावे, आणि मूळ स्कॅनला हात न लावता सारे प्रयोग त्याच्या प्रतीवर करावेत.

प्रश्न : फुटाळा तलावावरील सूर्यास्ताच्या फोटोत रंग गडद केले आणि कडा काळ्या केल्या. फोनवर तो अप्रतिम दिसला, पण १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटमध्ये काळवंडला आणि आकाशात पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे दिसू लागले. दोष स्टुडिओचा का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : निदान पट्ट्यांचा दोष स्टुडिओचा नसावा. जेपेग फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच असतात. सूर्यास्ताच्या आकाशात त्यांपैकी थोड्याच पायऱ्यांवर सगळा रंग पसरलेला असतो; आपण रंग ताणले, की दोन पायऱ्यांमधील अंतर डोळ्यांना दिसू लागते. त्यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे शेवटी थोडा ग्रेन मिसळणे. बारीक दाणेदारपणामुळे पट्ट्यांच्या कडा विस्कटतात, आणि छापील कागदावर तो दाणा फारसा जाणवतही नाही. फोनमध्ये रॉ (म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) फोटो काढण्याची सोय असेल, तर असे प्रसंग त्यातच टिपावेत, कारण त्यात पायऱ्यांची संख्या पुष्कळ अधिक असते.

काळवंडण्याचे कारण निराळे आहे. फोनचा पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद मात्र खोलीतला प्रकाश फक्त परत करतो. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून संपादन करावे, आणि मोठ्या प्रिंटआधी त्याच कागदावर ४ बाय ६ इंचांची चाचणी काढून घ्यावी. ३०० डीपीआयला १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटसाठी ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे सुमारे १ कोटी ९४ लाख. भिंतीवर लांबून पाहायच्या फोटोला २०० डीपीआय, म्हणजे २४०० बाय ३६०० पिक्सेलही चालतात. स्टुडिओला फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला असेल, तर वाटेतच तो आक्रसला असणार. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

प्रश्न : आंबोलीच्या धबधब्याचे पाणी दुधासारखे वाहताना दाखवायचे आहे, पण फोनमध्ये शटर मंद करण्याची सोय नाही. (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : फोन तिपाईवर घट्ट बसवून, टायमर लावून एकामागून एक सोळा फोटो काढावेत आणि गिंपमध्ये एकावर एक सोळा लेयर म्हणून ठेवावेत. सर्वांत खालच्या लेयरची अपारदर्शकता १०० टक्के, त्यावरच्याची ५०, मग ३३.३, २५, २० अशा क्रमाने, म्हणजे जितकावा लेयर त्या संख्येने १०० ला भागून, शेवटच्या लेयरपर्यंत सव्वासहा टक्के ठेवावी. सगळ्यांना सारखीच ५० टक्के ठेवण्याची चूक बहुतेक जण करतात, आणि मग वरच्या दोन-तीन फोटोंचेच राज्य चालते. वरील हिशेबाने सोळाही फोटोंचा वाटा समान होतो : पाणी मऊ होते, खडक जागच्या जागी राहतो, आणि वाढावा म्हणून एक अनपेक्षित लाभ मिळतो. पावसाळी अंधारात फोटोत येणारे रंगीत कण सरासरीत एकमेकांना खोडतात आणि सोळा फोटोंत ते सुमारे एक चतुर्थांशावर येतात. भिंगावर मात्र एकही थेंब राहू देऊ नये, कारण तो सोळाही फोटोंत त्याच जागी असेल आणि सरासरीने जाणार नाही. आयफोन असल्यास लाइव्ह फोटोमधील ‘लाँग एक्सपोजर’ हा पर्याय आधी पाहावा. घाईच्या वेळी तेवढ्यावर भागते.

प्रश्न : मी माझ्या कुत्र्याच्या फोटोला जुन्या वर्तमानपत्रासारखे ठिपके दिले. मोठा करून पाहिला तर छान दिसतो, पण लहान केल्यावर त्यावर लाटांसारखी विचित्र नक्षी उमटते. असे का? (इयत्ता सातवी, बारामती)

उत्तर : तुझे निरीक्षण फार चांगले आहे. तुझ्या फोटोत ठिपक्यांची एक जाळी आहे आणि पडद्यावरच्या पिक्सेलची दुसरी. फोटो लहान केला की या दोन जाळ्या एकमेकींशी नीट जुळत नाहीत. कुठे ठिपका पिक्सेलवर बरोबर बसतो, कुठे दोन पिक्सेलच्या मध्ये पडतो, आणि त्या चढउतारातून लाटा दिसू लागतात. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर धरून हलवून पाहा, तशीच नक्षी दिसेल. तिला ‘म्वारे’ म्हणतात. यावर उपाय सोपा आहे : आधी फोटो हव्या त्या आकाराचा करून घे आणि ठिपके सगळ्यांत शेवटी दे. एकदा ठिपके दिले की आकार बदलायचा नाही.

घरी भिंग असेल, तर वर्तमानपत्रातला एखादा रंगीत फोटो त्याखाली धरून बघ. निळसर, किरमिजी, पिवळे आणि काळे असे चारच रंगांचे ठिपके दिसतील, आणि प्रत्येक रंगाच्या ओळी वेगळ्या तिरप्या कोनात असतील. सामान्यतः अनुक्रमे १५, ७५, ० आणि ४५ अंशांत. छापखान्यातले लोक हे कोन वेगवेगळे ठेवतात, ते तुझ्या कुत्र्याच्या अंगावर उमटलेली हीच नक्षी टाळण्यासाठी.